सहा राजीनामे, एकच अक्षर

माझं अक्षर चांगलं आहे. ही बढाई नाही. पुढचं सगळं ऐकल्यावर तुम्हीच म्हणाल, की या गृहस्थाचं अक्षर कोंबडीचे पाय असतं तर फार बरं झालं असतं.

मी भूगोलाचा माणूस. नकाशावर नावं लिहून लिहून हात बसलेला. नदीचं नाव प्रवाहाच्या बाजूने तिरकं, डोंगराचं पसरट, गावाचं बारीक आणि सरळ. वर्षानुवर्षं हे केलं की हाताला वळण लागतं आणि डोक्याला सुट्टी मिळते. ‘तापी’ लिहिताना मी तापीचा विचार कधी केला नाही. ‘ता’ आणि ‘पी’मध्ये किती जागा सोडायची, एवढाच केला. ही सवय पुढे कुठे नेऊन आपटणार आहे, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तरी मी हसलो असतो.

ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत धुळे आणि अमळनेरच्या अधल्यामधल्या एका गावात नवीनच निघालेल्या कॉलेजात मी लागलो. कॉलेज म्हणजे कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंगचं गोदाम. मध्ये प्लायवूडच्या भिंती घालून वर्ग पाडलेले. भिंती वर छतापर्यंत पोचत नव्हत्या, त्यामुळे माझ्या वर्गात मोसमी वारे वाहत असताना पलीकडून अर्थशास्त्राच्या मॅडमची मागणी आणि पुरवठा ऐकू यायचा. मुलं दोन्ही विषय एकदमच शिकायची. पाऊस कमी पडला की त्याची किंमत वाढते, असं एकाने माझ्या पेपरात लिहिलं होतं. मी मार्क दिले. चूक काय होतं त्यात?

या मॅडम यावलकडच्या, केळीवाल्या घरातल्या. आवाज खणखणीत. आम्ही दोघं आणि आणखी चार जण एकाच दिवशी रुजू झालो, आणि सगळी भानगड त्याच दिवशी झाली.

प्राचार्यांच्या केबिनबाहेर बाकावर आम्ही सहा जण बसलो होतो. नेमणुकीची पत्रं हातात पडली होती. दोन वर्षं प्रोबेशन, आणि ती दोन वर्षं खंड न पडता पार पडली की माणूस कायम. सगळे खुशीत होतो. तेवढ्यात ऑफिसातले हेडक्लार्क बाहेर आले. त्यांना सगळं गाव नाना म्हणायचं. हातात कोऱ्या कागदांची चळत.

“आते एक बारीक काम शे,” नाना त्यांच्या अहिराणीत म्हणाले. “एकेक राजीनामा लिखी द्या. तारीख नका टाकू.”

“राजीनामा?” राज्यशास्त्राचे सर ताडकन उठले. “अहो, अजून धड रुजू नाही झालो!”

“पद्धत शे, सर. बठ्ठा कॉलेजमा शे. कोनी वापरत नही. कपाटमा पडी ऱ्हास.”

सगळ्याच कॉलेजांत असतं, नुसतं कपाटात पडून राहतं, हे नानांनी इतक्या शांतपणे सांगितलं, की आमचा विरोध तिथेच संपला. पद्धत म्हटल्यावर काय बोलणार? लग्नात अक्षता कशाला टाकायच्या, असं कोणी विचारतं का? आम्ही कागद गुडघ्यावर घेतले. राज्यशास्त्राच्या सरांची ओळ डोंगर चढल्यासारखी वर वर जायला लागली. नानांनी ती बघितली, मग माझ्या कागदाकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

“अरे वा! सर, तुमनं अक्षर ते छापेल सारखं शे. तुम्हीच लिखी टाका बठ्ठासना. त्या फक्त सह्या करतीन.”

आणि मी, गाढव, खूश झालो! पहिला दिवस, पहिलं कौतुक. मांडीवर नकाशाची वही घेतली आणि एकापाठोपाठ एक सहा राजीनामे लिहिले. ‘माझ्या वैयक्तिक कारणास्तव मी माझ्या पदाचा स्वखुशीने राजीनामा देत आहे.’ सहा वेळा स्वखुशीने. पहिल्या ओळीतला ‘प्रभारी’ हा शब्द उजव्या समासाला सारखा धडकत होता. तो सहाही कागदांवर कसा नेटका बसवला, यातच माझा सगळा जीव. पाच जणांनी आपापल्या कागदावर सह्या केल्या, सहाव्यावर मी केली. मॅडमनी सही करण्याआधी क्षणभर पेन तसंच धरून ठेवलं होतं, एवढं मला आठवतं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “सर, अक्षर सुंदर आहे हं तुमचं.”

नानांनी कागद नेले आणि हिरव्या कपाटात ठेवले. आम्ही चहा प्यायलो. पुढे कोणी तो विषय काढला नाही. दिवाळीनंतर प्रभारी प्राचार्य गेले आणि कायमचे प्राचार्य आले. कपाट तसंच राहिलं.

चांगल्या अक्षराची बातमी अशा गावात लपत नाही. वर्षभरात गावातल्या निम्म्या लग्नपत्रिकांवरचे पत्ते माझ्या हातचे होते. कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेल्या पत्रिकांचा गठ्ठा घेऊन कोणीतरी दारात उभं, आणि बायको आतून म्हणायची, “आले तुमचे गिऱ्हाईक.” सत्काराचं मानपत्र मी लिहायचो, गणपती मंडळाचा फलकही मीच रंगवायचो. आणि याच लौकिकापायी एक दिवस धुळ्याहून स्कूटरवर भाऊ आले.

भाऊ आमच्या भागातल्या प्राध्यापकांच्या संघटनेचे पुढारी. इतिहास शिकवायचे, तंबाखू खायचे, आणि समोरच्याला बोलू द्यायचे नाहीत. म्हणाले, “तुमच्या कॉलेजात आपली शाखा काढायची. सेक्रेटरी तू.”

“मी? मला यातलं काही कळत नाही, भाऊ.”

“कळायचं काय त्यात? पत्रं लिहायची. टाइपरायटर तुमच्या ऑफिसात आहे, तो आपल्याला मिळणार नाही. तुझं अक्षर मी पाहिलंय एका पत्रिकेवर.”

असा मी कामगार चळवळीत आलो. लग्नपत्रिकेमार्गे.

आता खरं सांगतो, संघटना म्हणजे काय हे मला तेव्हाही नीट कळलं नाही आणि आजही कळलंय असं छातीठोक म्हणवत नाही. नव्या वेतनश्रेणीचं परिपत्रक यायचं. ते मी स्टाफरूममध्ये वाचून दाखवायचो आणि वाचता वाचता मलाच घाम फुटायचा. कोणाला कुठल्या टप्प्यावर बसवायचं, आधीची सेवा धरायची की नाही, सगळाच गुंता. गणिताच्या सरांनी एकदा तासभर डोकं घातलं आणि सांगितलं, “याप्रमाणे माझा पगार कमी होतो.” भाऊंना विचारलं तर ते म्हणाले, “होत नाही. लढा.” कशासाठी लढायचं ते त्यांनी सांगितलं होतं, पण मी विसरलो होतो, आणि परत विचारायची लाज वाटत होती.

सभासद गोळा करणं हा आणखी वेगळा ताप. स्टाफरूममध्ये फॉर्म काढला की सगळ्यांना एकदम तास आठवायचे. मग मी एस.टी. स्टँडवर फॉर्म भरून घ्यायला लागलो. गाडीची वाट बघणारा माणूस पळून कुठे जाणार? सह्या करायचे, पण वर बजावायचे, “प्राचार्यांना कळायला नको.” आणि गंमत बघा, प्राचार्य स्वतः जुने सभासद निघाले! म्हणजे आम्ही कोणापासून लपत होतो आणि कोणाविरुद्ध उभे होतो, काही पत्ता लागायचा नाही. काळ्या फिती लावून शिकवायचा कार्यक्रम आला, तेव्हा राज्यशास्त्राच्या सरांनी विचारलं, “फीत शर्टाच्या आतून लावली तर चालेल का?” मी भाऊंना विचारलं. भाऊ तंबाखू मळत म्हणाले, “चालेल. हृदयाजवळ पाहिजे, बस.” त्या दिवशी आमच्या कॉलेजात पूर्ण पाठिंबा होता आणि एकही फीत दिसत नव्हती.

मॅडमची मात्र फीत पदरावर होती. बाहेरून, मोठी.

त्यांचं या नोकरीवर काय अडकलं होतं ते मला एकदा धुळ्याच्या गाडीत कळलं. आमच्या दोघांच्या मध्ये त्यांची पिशवी होती, पिशवीत घरून आलेले केळीचे वेफर्स. खाता खाता म्हणाल्या, “आबांनी मला दोन वर्षं दिलीत, सर. दोन वर्षांत कायम झाले तर लग्नाचं मी म्हणेन तेव्हा. नाही झाले तर ते म्हणतील तेव्हा.”

“मग काय, जूनमध्ये कायम.”

“जूनमध्ये,” त्या म्हणाल्या आणि हसल्या. त्या एका शब्दात त्यांनी केवढं काय काय ठेवलं होतं! तीन-चार महिन्यांचा तर प्रश्न होता.

त्याच महिन्यात, फेब्रुवारीत, त्यांना पत्र आलं. ‘आपला राजीनामा मंजूर करण्यात आला आहे.’

त्या पत्र घेऊन स्टाफरूममध्ये आल्या आणि माझ्या टेबलावर ठेवलं. आम्ही बाकीचे पाच जण उभे. हिरवं कपाट प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे होतं, पण त्याचं नाव कोणी घेईना. संस्थेच्या अध्यक्षांचे जावई अर्थशास्त्रात एम.ए. झाले होते, हे त्या दिवशी चहावाल्यालासुद्धा माहीत होतं. दुसऱ्या दिवसापासून प्लायवूडच्या पलीकडून आवाज येईना. माझे मोसमी वारे इतके मोठ्याने कधी वाहिले नव्हते.

भाऊंना कळवलं. ते स्कूटर दामटत आले. “सोडायचं नाही. तक्रार लिही. तारीख नंतर टाकलीय म्हणून लिही. जबरदस्तीने घेतलेला राजीनामा म्हणून लिही.”

मी लिहिली. तीन पानं, मनापासून, माझ्या सर्वोत्तम अक्षरात. समास एकसारखे. बायको म्हणाली, “फ्रेम करून लावा आता.” आणि तेव्हा, शपथेवर सांगतो, माझ्या डोक्यात आलं नाही! मी ज्या कागदाविरुद्ध लिहितोय तो कागदही माझ्याच अक्षरात आहे, हे मला सुचलंच नाही. लोक विचारतात, असं कसं होईल? झालं. हात लिहीत होता.

प्राध्यापकांच्या तक्रारी ऐकायला एक समिती होती. तिचे प्रमुख निवृत्त न्यायाधीश. मार्चमध्ये ते धुळ्याला एका हॉलमध्ये बसले. हॉलमध्ये एक पंखा, तोही त्यांच्या डोक्यावर. एका बाजूला आमचे प्राचार्य, नाना आणि संस्थेचे वकील. दुसऱ्या बाजूला भाऊ, मॅडम आणि मी.

वकिलांनी मॅडमना विचारलं, “सही तुमची?”

“माझी. पण रुजू झाले त्या दिवशी घेतलेली.”

“मजकूर कोणी लिहिला?”

वकिलांनी परत विचारलं. मॅडमनी खाली बघितलं. माझ्याकडे नाही, खाली.

“मग मीच सांगतो,” वकील म्हणाले आणि दोन कागद न्यायाधीशांपुढे शेजारी शेजारी ठेवले. एक राजीनामा, एक आमची तक्रार. “साहेब, जरा अक्षर बघावं. बाईंचा राजीनामा यांच्याच युनियनच्या सेक्रेटरींनी लिहून दिलाय. आता जबरदस्ती संस्थेने केली म्हणायची, की युनियनने?”

भाऊंनी मान वळवून माझ्याकडे असं बघितलं, की तंबाखू त्यांच्या ओठातच राहिली. नाना छताकडे बघत होते. न्यायाधीशांनी चष्मा लावला, दोन्ही कागद बघितले आणि शांतपणे विचारलं, “सर, हे अक्षर तुमचं का?”

एवढं साधं होतं उत्तर. हो. एक अक्षर. पण माझाही राजीनामा त्याच कपाटात होता, बिनतारखेचा. माझीही दोन वर्षं जूनमध्येच भरणार होती. घरी तान्ही मुलगी. समोर प्राचार्य, डोळे माझ्यावर. हो म्हटलं तर संघटनेची केस बुडते असंही वाटलं, नाही म्हटलं तर खोटं. कोणाचं भलं कशात आहे, काही म्हणजे काही कळेना.

“नक्की सांगता येत नाही,” मी म्हणालो.

आख्ख्या खान्देशात ज्याचं अक्षर पाकिटावरून ओळखतात त्या माणसाला स्वतःचं अक्षर नक्की सांगता येत नव्हतं! न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली. एप्रिलच्या शेवटची.

बाहेर भाऊंनी मला हॉटेलात नेलं, शेवभाजी मागवली, आणि स्वतः एक घास खाल्ला नाही. “तूच लिहिलास?”

“सहाही.”

“अरे, मग आधी सांगायचंस ना, शहाण्या!”

“आधी सुचलं नाही. आता काय करू, भाऊ?”

“कबूल केलंस तर युनियनचा सेक्रेटरीच राजीनामे लिहितो असं होईल. नाही केलंस तर ती बाई गेली. आणि कबूल केलंस तर तूही गेलास बहुतेक.” मग त्यांनी आपली शेवभाजी माझ्याकडे सरकवली. “मला विचारू नकोस. मला खरंच कळत नाहीये.”

भाऊंना काही कळत नाही, हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. त्याने मी जास्तच घाबरलो.

मॅडम स्टँडवर वेगळ्या बाकावर बसल्या होत्या. मी जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ठरवून गेलो नव्हतो. त्याच म्हणाल्या, “मी तुमचं नाव घेतलं नाही, सर. ते तुम्ही सांगायचं होतं.” मग रागाने नाही, खरंच जाणून घ्यायचं असावं तसं विचारलं, “लिहिताना तुम्ही वाचत नव्हतात का?”

त्यांची गाडी लागली आणि त्या गेल्या.

तो दीड महिना मी कसा काढला ते माझं मला माहीत. वर्गात शिकवताना मध्येच थांबायचो. एप्रिल लागला, उन्हाने गोदामाचे पत्रे तडतडायला लागले, आणि एक दिवस दुपारी मॅडमचे वडील कॉलेजात आले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, काटक माणूस. प्राचार्यांकडे गेले नाहीत, मला शोधत आले.

“सर, मले एक सांगा. पोरीनं राजीनामा देल्ला का नाही देल्ला?”

“नाही दिला, आबा.”

“मंग तो कागद कुठून आला?”

“कागद आहे. पण तिने दिला नाही.”

“सही तिची हाये?”

“सही तिची आहे.”

आबा माझ्याकडे बघत राहिले. शेतावरचा माणूस, एकेक गोष्ट नीट लावून बघणारा. माझ्या बोलण्याचा त्यांना कुठूनच मेळ लागेना. “मंग लिवला कोनं?”

“चहा घ्या, आबा,” मी म्हणालो.

त्यांनी चहा घेतला. बशीत ओतून, सावकाश. मग म्हणाले, “रावेरकडचं एक स्थळ हाये. पोरगा चांगला हाये, मानसं चांगली हायेत. त्याइले किती दिवस थांबवू? पुढच्या तारखीले निकाल लागंल का?”

“नक्की सांगता येत नाही,” मी म्हणालो, आणि वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर माझे कान तापले. तेच वाक्य! दुसरं काही येत होतं की नाही मला?

आबा उठले. “बरं,” म्हणाले आणि टोपी नीट करून गेले.

त्या संध्याकाळी शेजारच्यांच्या पत्रिकेची पाकिटं पुढे घेऊन बसलो होतो. एका पाकिटावर ‘प्रभाकर’ लिहायला घेतलं आणि ‘प्र’ नंतर हात थांबला. जागा कमी पडणार, हे हाताला आधी कळलं. असाच एक शब्द मी पूर्वी समासात कोंबला होता. सहा वेळा. कुठला? पेन खाली ठेवलं. प्रभारी! ‘मा. प्रभारी प्राचार्य यांस.’ राजीनाम्यावर तारीख फेब्रुवारीची, आणि प्रभारी तर पहिल्या दिवाळीनंतरच गेले होते. जे साहेब सव्वा वर्ष जागेवर नाहीत, त्यांच्या नावे मॅडम राजीनामा कसा देतील?

मी बायकोला हाक मारली आणि सगळं सांगितलं. पहिल्या दिवसापासूनचं, तिला माहीत नसलेलं. ती मुलीला थोपटत ऐकत होती. शेवटी म्हणाली, “म्हणजे हे सांगायचं तर अक्षर तुमचं हेही सांगावं लागणार. नाहीतर वकील म्हणेल, लिहिणाऱ्याची चूक झाली.”

“हो.”

“मग सांगा. इतके दिवस काय झोपा काढत होतात?”

एप्रिलच्या तारखेला मी उभा राहिलो. न्यायाधीशांनी विचारायच्या आत म्हणालो, “साहेब, अक्षर माझं आहे. सहाही राजीनामे मी लिहिलेत, माझा स्वतःचा धरून. नेमणुकीच्या दिवशी, ऑफिसच्या सांगण्यावरून.”

वकील उठले. “मागच्या वेळी तुम्हाला नक्की सांगता येत नव्हतं.”

“घाबरलो होतो.”

“आणि आता घाबरला नाहीत?”

“आताही घाबरलोय. पण साहेब, वरची ओळ वाचा. कोणाला लिहिलाय ते वाचा.”

न्यायाधीशांनी वाचलं. मग प्राचार्यांना विचारलं, की तुम्ही केव्हापासून आहात. प्राचार्यांनी सांगितलं, आणि सांगता सांगताच त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण शेवटचे शब्द पुटपुटल्यासारखे आले. मग नानांना उभं केलं. नाना बिचारे एकच म्हणाले, “पद्धत शे, साहेब.” न्यायाधीशांनी ते तसंच लिहून घेतलं. संस्थेच्या ताब्यात असलेले बाकीचे पाचही राजीनामे समितीपुढे आणा, असं त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं.

भाऊंनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी पुढे गेलो. मॅडमनी मात्र नुसता नमस्कार केला आणि त्या स्टँडकडे गेल्या. त्यांच्या बोटात अंगठी होती. मी पाहिली, पण काय पाहतोय ते मनात उतरलं नाही. माझं असंच आहे.

जूनमध्ये कॉलेज उघडलं त्या दिवशी निकालाचं पत्र आलं. मॅडमना सेवेत खंड न धरता कामावर परत घ्यावं. सहा जणांचेही राजीनामे रद्द समजावेत. दोन वर्षं भरल्यामुळे सहाही जण कायम. मीसुद्धा! शिक्षा व्हायची ती राहिली बाजूला, पक्की नोकरी हातात. स्टाफरूममध्ये पेढे आले. राज्यशास्त्राच्या सरांनी संघटनेचा विजय असो अशी घोषणा दिली, दार लावून घेऊन. एस.टी. स्टँडवर सुद्धा फॉर्म न भरणारे त्या दिवशी माझ्याकडे येऊन फॉर्म मागत होते. मला रडावं की हसावं कळेना.

तेवढ्यात मॅडम दारात आल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी एक पेढा घेतला, अर्धा खाल्ला, आणि माझ्या टेबलाशी आल्या. खांद्यावर तीच पिशवी.

“पत्र मिळालं ना?” मी म्हणालो. “कधीपासून येताय? पलीकडे आवाज नाही तर मला शिकवताच येत नाही.”

“नाही येत, सर. मार्चच्या तारखेनंतर आबा थांबले होते. तुमच्याकडे येऊन गेले, त्यानंतर मग त्यांनी रावेरला शब्द दिला. एप्रिलच्या तारखेच्या आठ दिवस आधी साखरपुडा झाला.”

“पण आता तर कायम झालात! सांगा ना आबांना.”

“आता शब्द दिलाय.” त्या हे अगदी साधेपणाने म्हणाल्या. “माणसं चांगली आहेत, सर. तसं काही नाही.”

तसं काही नाही म्हणजे कसं काही नाही, हे मी आजही ठरवू शकलेलो नाही. मार्चमध्ये मी ‘हो’ म्हटलं असतं तर? असतं तर काय, हे धड मांडताही येत नाही मला. त्यांचं आयुष्य पुढे चांगलंच गेलं असेल. पण ते त्यांनी निवडलेलं नव्हतं, आणि मधला दीड महिना माझा होता.

त्यांनी पिशवीतून गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेल्या पत्रिका, आणि सोबत कोरी पाकिटं. “कॉलेजच्या लोकांची तुम्ही लिहून द्याल? अक्षर तुमचंच हवं.”

त्या चिडवत होत्या, माफ करत होत्या, की गावात सगळे मागतात तसंच मागत होत्या, मला कळलं नाही. चेहरा नेहमीसारखा होता. पलीकडच्या वर्गात कोणीतरी बाक ओढत होतं. आठवड्याभरात तिथे अध्यक्षांचे जावई शिकवायला लागले, त्यांचा आवाज काही भिंतीवरून येत नसे.

मी पेन उघडलं. पहिलं पाकीट पुढे ओढलं आणि मग बाजूला ठेवलं. आधी पत्रिका उघडली आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली, वराचं नाव, वधूचं नाव, तिच्या नावापुढे कंसात एम.ए. अर्थशास्त्र, मुहूर्त, ठिकाण. मॅडम समोर उभ्या राहून माझं वाचून व्हायची वाट बघत होत्या.

तारीख छापलेली होती.